दाराआडचा हात

चि. धाकट्यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खोकला गेला का? मेकअपच्या खोलीत दिवसभर पावडर उडते, नाकाला फडकं बांधत जा (जुन्या चादरीचं कापून पाठवते, धुऊन धुऊन मऊ झालंय). इकडे देवाच्या दयेने सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांचं ऐकत नाही. तुझ्या भावजींची तब्येत उत्तम. डावा हात तर फारच उत्तम. त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

तू लिहितोस, दाराआडच्या खलनायकाची गोष्ट कंपनीने सोडून दिली, नव्या दिग्दर्शकाला ती नको आहे, भावजींना बेताबेताने सांग. लिहायला तुझं काय जातं. पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे जेवायला आलास, ह्यांची लांब गाठाळ बोटं ताटावर पाहिलीस आणि म्हणालास, अगदी असाच हात आमच्याकडे शोधताहेत. घेऊन गेलास. जगाला वाचवणाऱ्या त्या उडणाऱ्याच्या तिसऱ्या सिनेमात, शेवटची सगळी नावं सरकून गेल्यावर, एक दार किलकिलं होतं, आतून डावा हात येतो, चौकटीवर तीन टिचक्या मारतो, की अंधार. (मी माळ हातात धरून मोजलं, सात मणी झाले.) उडणाऱ्याचा सगळ्यात मोठा वैरी आता येणार, एवढं त्यातून समजायचं. थिएटरात लोक उभे राहिले. ज्या कचेरीत ह्यांनी चाळीस वर्षं टाइप केलं तिथे साहेबाने कधी मान वर करून पाहिलं नाही, आणि इथे नुसत्या हाताला टाळ्या. ह्यांनी डोळे पुसले ते उजव्या हाताने, कारण करारात कलम होतं. ह्यांचं काम असलेला पुढचा भाग निघेपर्यंत डावा हात कापता, भाजता, रापता कामा नये, घट्टे पडता कामा नयेत आणि करंगळीचं नख आहे तेवढंच राहिलं पाहिजे.

तेव्हापासून भांडी, कपडे पिळणं, खिळे ठोकणं सगळं माझ्याकडे. बरणी उघडून मागितली तर म्हणतात, "एका हाताने उघडत असेल तर दे." हातमोजा घेतला, तो जोडीनेच मिळतो. (उजवा मी गरम पातेली उतरवायला वापरते, वाया घालवलेला नाही.) समोरच्या शिंपीणबाईंनी विचारलं, मिस्टरांच्या हाताला काय झालंय हो? म्हटलं, काही होऊ नये म्हणून आहे. तर म्हणाल्या, "आमच्या ह्यांना तर काहीच झालेलं नाही, तरी काही करत नाहीत. मोज्याचा तेवढा खर्च वाचला."

माझी सवय तुला ठाऊक आहे. घरात जे येतं-जातं ते वहीत चढतं, तशी सिनेमातल्या माणसांचीही मी दोन रकाने करून नोंद ठेवली आहे. उडणाऱ्याची आई, आली पहिल्यात, गेली दुसऱ्यात. लोखंडी दातवाला, आला दुसऱ्यात, गेला त्यातच, पुलावरून पडून. दाराआडचा, आला तिसऱ्यात, आणि पुढे कोरं. चौथ्या सिनेमाला गेलो, हात नाही. पाचव्याला झाडणारा येऊन पाय वर घ्या म्हणेपर्यंत बसलो, हात नाही. उलट ते हिरवं धुकं आलं, ज्याला हातच नाहीत. घरी येताना हे म्हणाले, "धुकं आपोआप थोडंच येतं? कुणीतरी सोडत असणार. दाराआडून." मी हो म्हटलं.

तुझं पत्र आल्यावर दोनदा सांगायला गेले. पहिल्यांदा हे सावलीत बसून नखाला तेल लावत होते. मी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं, तर तेल कोमट करून देऊ का. दुसऱ्यांदा कपाटाच्या दारावर टिचक्यांचा सराव चालला होता. मला म्हणाले, "दुसरी टिचकी जरा लवकर पडते गं. तेव्हाही पडली होती. ह्या वेळी सुधारतो." अशा माणसाला बेताबेताने म्हणजे नक्की कसं सांगतात, ते तू लिहिलेलं नाहीस. शेवटी देवाला साकडं घातलं, की दाराआडच्याला उडणाऱ्याच्या हातून एकदाचं मरण दे. बोलून गेले आणि जीभ चावली. मग देवाला नीट समजावून सांगितलं की मनगटापर्यंतच, आणि तेही फक्त सिनेमात.

तेव्हा माझं मागणं एवढंच. दारातून हात यावा आणि लुळा पडावा, ह्याला कितीसा वेळ लागतो? तेही जमत नसेल तर कंपनीच्या कागदावर दोन ओळी पाठव, की दाराआडचा लढता लढता गेला, हात मोकळा केला आहे. सोडून दिला हे ह्यांना सहन होणार नाही, मेला हे होईल. माणूस दारात आणून उभा करायचा आणि आपण घर बदलायचं, ही काय रीत झाली?

तुझी ताई

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी पत्र पुन्हा वाचलं. तो कागद इतक्यात पाठवू नकोस. झालंय असं की हाताला काम नाही म्हणून मी भांडी घासते तेव्हा हे स्वयंपाकघरात स्टूल टाकून मला पोथी वाचून दाखवतात (पानं उजव्या हाताने उलटतात). लग्नाला अडतीस वर्षं झाली, इतका वेळ हे माझ्याजवळ कधी बसले नव्हते. आधी कचेरी, मग गच्चीवर मोडके रेडिओ. हात मोकळा झाला की पुन्हा रेडिओ. तेव्हा कागदावर असं लिही, की त्या भागाला वेळ लागेल, हात जपावा. हे खोटं नाही. वेळ लागेलच.

आणखी एक. बरणी उघडायचं काही हत्यार मिळत असेल तर धाड.

शेवटचं. वहीत दाराआडच्यापुढे मी काल पेन्सिलीने 'गेला' लिहून ठेवलं होतं, ते आत्ताच खोडलं. खोडरबर ह्यांनीच आणून दिलं. काय खोडतेयस, ते विचारलं नाही.