सहा घरांचं टाउनलँड

२७ ऑगस्ट २०२५
गणपती बसले. यंदा पाच दिवसांचे. आरतीला शेजारचा टॉम कुंपणापाशी दिसला नाही. मागच्या वर्षी रोज यायचा — टोपी हातात, झांजा थांबेपर्यंत उभा. शेवटच्या दिवशी विचारलं होतं त्यानं, "आत येऊन बघू का एकदा?" घरभर पसारा होता. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नक्की ये." उद्या बोलवायलाच हवं.

२८ ऑगस्ट
टॉम गेला. पहाटे, झोपेत. त्याची बायको ब्रीडा एकटी पडली.
आम्ही देश सोडून इथे आलो तेव्हा त्यानंच हिंडवून या टाउनलँडची, म्हणजे आपल्याकडच्या वाडीसारख्या वस्तीची, हद्द दाखवली होती, ओढ्यापासून मोडक्या चुनाभट्टीपर्यंत. "पॅरिशमधलं सगळ्यात लहान टाउनलँड. सहा घरं. एवढंच आपलं." आपलं म्हणाला! आम्हाला येऊन आठवडाही झाला नव्हता.

२९ ऑगस्ट
इथल्या रीतीप्रमाणे त्याला अंत्यदर्शनासाठी घरातच ठेवलंय. माणसांची रीघ लागलीय. बाकीच्या चार घरांनी कामं वाटून घेतलीत — कुणी सँडविच करतंय, कुणी गाड्या लावायला शेत मोकळं केलंय. मी निघाले तर सासूबाई आडव्या आल्या. "घरात गणपती आहे. मयताच्या घरी जायचं नाही. विसर्जन झालं की जा."
मी डॉक्टर. वॉर्डात मरण बघून येते, आंघोळ करते, आरतीला उभी राहते. ते चालतं? ओठांवर आलं होतं. गिळलं. गेले नाही.
माझी लेक मुक्ता म्हणाली, "एव्हरीवन एल्स इज देअर, आई."

३० ऑगस्ट
सकाळची आरती चालू होती. झांजा, टाळ्या, खिडकीत दिव्यांच्या माळा. मुक्तानं बाही ओढली. बाहेर टॉमची शववाहिका, मागे सगळी माणसं पायी. रस्त्यावरच्या प्रत्येक घराचे पडदे मयताच्या मानासाठी ओढलेले — फक्त आमचे उघडे. आणि गाडी नेमकी आमच्या गेटसमोर थांबली. चांगली मिनिटभर.
"आरती अर्धी सोडू नये," सासूबाई म्हणाल्या. नाही सोडली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं.

३१ ऑगस्ट
विसर्जन. बादलीतच.

१ सप्टेंबर
ब्रीडाच्या दारापर्यंत जाऊन परत आले. भित्री कुठली!

२ सप्टेंबर
गेले. माफीचं वाक्य पाठ केलं होतं. तिनं पुरं होऊ दिलं नाही. "गाडी मीच थांबवायला सांगितली," म्हणाली. "वर्षभर सगळ्यांना सांगत होता — यंदा मला आत बोलावलंय."