ओ देणारी गल्ली

२ एप्रिल

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गॅलरीतून ज्यांना कधी हाक आली नाही अशा मुलांनो! म्हणजे तू आणि मी. आपली संघटना दोघांचीच, पण गाऱ्हाणं जुनं आहे. बाबांनी थोरल्याला दोरीने फोडून काढलं, त्या संध्याकाळी तो जिना उतरून निघाला. आई वरून 'राजाऽ' म्हणून ओरडली. त्याला ऐकू गेलं. कोपऱ्यावर तो थबकलाही. पण ओ न देता गेला. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती त्यालाच हाक मारते आहे. आपण शाळेतून आलो काय, तापाने फणफणलो काय, आपलं नाव त्या कठड्यावरून कधी खाली आलं नाही. तुला हे सलतं, मलाही सलतं. पण सल आहे म्हणून आईच्या कानात सुई घालायची नसते.

तुझ्या कार्यालयाने जुन्या वस्तीतून ती फिरण्याची वाट आखली. चौकातल्या पेटीतून नकाशा उचलायचा, फरशीत बसवलेल्या पितळी चकत्यांवरचे आकडे बघत आपले आपण चालायचं, वाटाड्या नको की मिंधेपण नको. कल्पना चांगली आहे, मी छापखान्यात सगळ्यांना कौतुकाने सांगितलंसुद्धा. दोर वळणाऱ्यांच्या गल्लीवर तू लिहिलेली चार वाक्यं वाचून बाबा आठवले. पण नववी चकती बरोबर आपल्या घराखाली, आणि तिच्यापुढचा मजकूर हा: 'ओ देणारी गल्ली. इथे उभे राहा, तोंडाभोवती हात धरा आणि मोठ्याने ओ म्हणा. समोरच्या गोदामाची भिंत तुम्हाला परत ओ देईल.'

धाकट्या, दिवसभर देतात रे! सकाळी छत्रीवाल्या बाया, दुपारी शाळांच्या रांगा, संध्याकाळी हातात हात घातलेली जोडपी. सगळा गाव आमच्या खिडकीखाली ओ देतो. पहिल्या दिवशी आई शिवणाच्या टोपलीतली बटणं चाचपत बसली होती. तिला आता उजेड तेवढा दिसतो, आणि काल काय झालं ते आज कधी आठवतं, कधी नाही. ओ ऐकली तशी बटणं सांडून उठली. माझ्या अंगावरच खेकसली, की ताट घे, बघत काय बसलीस, राजा आला. गॅलरीत जाऊन तिने हाक मारली. खालच्यांना वाटलं खेळच आहे. ते पुन्हा ओ म्हणाले, तीन-चार जण मिळून, सुरात. रात्री ताट तसंच झाकून ठेवलं तिने, आणि स्वतःही जेवली नाही.

ते वाक्य काढून टाक आणि चकती कोपऱ्यापलीकडे हलव. एवढंच मागते. कठड्याचा एक गज हलतो आहे, हे तुला ठाऊक आहे.

माया आहे म्हणून रागावले.
ताई


९ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना मी उठून उभा राहिलो, न जाणो शेवटी घोषणा द्यायच्या असतील. मोर्चा संपला की घसा शेकत जा.

चकत्या सिमेंटात बसवल्या आहेत, ताई. माझ्या खिशातल्या नव्हेत, उचलल्या आणि टाकल्या. नकाशा समितीने मंजूर केला आहे आणि लोकांना विचारलं तर सगळ्यांचं बोट नवव्या थांब्यावरच जातं. हौदापाशी जांभया देतात, मनोऱ्यापाशी पाय दुखतात म्हणतात आणि आपल्या गल्लीत शिरले की लहान होतात. इतक्या वर्षांत माझ्या लिहिण्यावर कोणी हसलं नव्हतं, आता हसतात. ते मी खोडू?

आणि मला एक सांग. इतकी वर्षं जी ओ तिला मिळाली नाही, ती आता दिवसभर मिळते. यात वाईट काय? मी लहानपणी जिन्याखालून थोरल्याचा आवाज काढून ओ दिली होती, आठवतं? अनवाणी धावत आली ती. मला पाहिलं, आणि फुंकणी मोडेपर्यंत मारलं. आता परकी माणसं तेच करतात तर त्यांच्यासाठी ताट वाढते. बघ, म्हणजे चूक ओ देण्यात नव्हती, माझ्या तोंडात होती.

ही म्हणते, आईंच्या कानात कापूस घाला. गावाबाहेर एक वृद्धाश्रम आहे, बाग आहे, शांतता आहे, चौकशी करून ठेवते म्हणाली. तुझ्यापुढे बोलायला घाबरते, म्हणून मी लिहितो.

प्रकृतीस जपावे, आणि आमच्यावरही थोडं प्रेम शिल्लक ठेवावे.
तुझा धाकटा


२१ एप्रिल

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद. वि. वि.

कापूस घातला होता. तिने काढून फेकला आणि मला विचारलं, की तूही तुझ्या बापासारखीच का, पोराची हाक तोडणारी?

मग मी रजा टाकून खाली पायरीवर बसले. येईल त्याला हात जोडून सांगायची, की वर म्हातारं माणूस आहे, नका ओरडू. तुला माझं भाषण माहीत आहे, गेटवर मालकाची गाडी अडवली आहे मी. पण तुझा नकाशा माझ्यापेक्षा मोठा वक्ता निघाला. एका चष्मेवाल्या गृहस्थाने मला तो उघडून दाखवला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की बाई, इथे लिहिलंय ओरडा म्हणून. त्याच्या बायकोने विचारलं, की मीही या फेरीतलीच आहे का, आणि माझ्याबद्दल कुठल्या पानावर दिलंय.

रजा संपली, मी कामावर गेले. आणि परवा ती एकटी जिना उतरली. पुढचं मला खालच्या शिंपिणीने सांगितलं. एक घोळका ओ देत होता, ही त्यांच्यात शिरली आणि एकेकाचा चेहरा हाताने चाचपू लागली. बाकीचे मागे सरकले. एक जण उभा राहिला. त्याच्या हनुवटीवरून बोट फिरवून तिने विचारलं, की राजा ना तू? आणि त्याने मित्रांकडे बघून डोळा मारला आणि म्हणाला, हो आई, मीच.

ती त्याला वर घेऊन आली, धाकट्या. उशीर केलास म्हणून रागावली, पाठीवरून हात फिरवला, मारल्याचे वळ आहेत का म्हणून सदरा वर करून बघितलं. मित्र दारात उभे राहून फोटो काढत होते. तो जेवला. माझ्यासाठी ठेवलेलं सगळं जेवला. हसू आवरेना तेव्हा हात धुऊन येतो म्हणाला आणि गेला.

मी आले तेव्हा खरकटं ताट तसंच होतं आणि ती जिन्याच्या तोंडाशी बसली होती. तिने मला हळू बोलायला सांगितलं. म्हणाली, हात धुवायला गेलाय, आपला आवाज ऐकून पुन्हा बिथरेल.

अजून तिथेच बसते.

उत्तर लिही. लोभाचं नंतर बघू.
ताई


२९ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू ज्याला शिव्या घालतेस त्या मुलाने कार्यालयाला दोन पानं कौतुक लिहून पाठवलं आहे. म्हणतो, इतकी फिरस्ती केली पण कुठल्याही जुन्या वस्तीने असं पोटाशी धरलं नाही. साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. आपल्या घरात कोणी माझ्या पाठीवर हात ठेवला तो कधी आणि कशासाठी, हे तुला सांगायला नको.

तेव्हा रागावू नकोस. नवी आवृत्ती छापायला गेली आहे, आणि नवव्या थांब्यावर एक ओळ वाढवली आहे: 'नशीब असेल तर वरच्या गॅलरीतून एक आजी तुम्हाला हाक मारतील.' मुखपृष्ठावर गॅलरीचं चित्र आहे. पुढच्या रविवारी दहाला बाहेरगावचे पाहुणे घेऊन साहेब स्वतः येणार. आईला धुतलेले कपडे घाल, केस विंचर आणि दहाच्या सुमाराला गॅलरीत बसव. हलणाऱ्या गजाला रंग द्यायला माणूस पाठवतो.

तिला सांग, हे धाकट्याने लिहिलंय. समजेल न समजेल, पण सांग.

आशीर्वाद असू द्यावा, रागासकट चालेल.
धाकटा


४ मे

धाकट्या,

आशीर्वाद लिहिला नाही, हात वळत नाही.

तुझी नवी आवृत्ती घड्या घालायला माझ्याच टेबलावर आली. इतकी वर्षं कागदाला घड्या घालते आहे, आईला घालायची वेळ पहिल्यांदा आली. टेबलावरच्या बाया म्हणाल्या, की ताई, तू नुसतं बोट वर कर, आम्ही हात लावत नाही. मी बोट वर केलं नाही. आम्ही नाही तर दुसरा छापखाना घालेल. शिवाय कागद अडवून ती गॅलरीतून मागे फिरणार आहे का?

ती आता बसत नाही, कठड्यावर ओणवी होते. ओ आली की कमरेपर्यंत बाहेर. मंगळवारी शिंपिणीने वेणी धरून मागे ओढली. आणि गजाला तू रंग पाठवतोस!

म्हणून काल मी कामावर जाताना तिला बांधून ठेवलं. बाबांनी वळलेला एक दोर माळ्यावर होता, त्याने. कमरेला वेढे घेतले आणि पलंगाच्या पायाला गाठ मारली. तिने दोर हाताने चाचपला, ओळखला, आणि मला बाबांच्या नावाने विनवू लागली, की त्याला मारू नका, मला मारा. खाली कोणीतरी ओ देत होतं. मी दार ओढून घेतलं आणि कामावर गेले. तुला वाटत असेल की क्रूर तू एकटाच आहेस, तर तो मान मी तुला एकट्याला देत नाही.

संध्याकाळी आले तर कमरेला सोलवटलं होतं, आणि ती मला म्हणाली, बाई, तुम्ही कोण? माझा मुलगा खाली उभा आहे, सोडा मला.

नकाशा तू खोडणार नाहीस, साहेबाची थाप तुला सोडवणार नाही. आश्रमात नेली तर तिथल्या जिन्याशी बसेल. थोरल्याला आणता येत नाही. पण त्या संध्याकाळी त्याने जे अर्धं ठेवलं, ते पुरं करता येतं. त्याने नुसती ओ दिली असती आणि येत नाही म्हणून सांगितलं असतं, तर ती रडली असती, मग कधीतरी आत वळली असती. त्याचा आवाज जगात आता एकाच माणसाच्या गळ्यात आहे. त्यासाठी तू फुंकणी खाल्ली होतीस, तेव्हा तो हुबेहूब असणार.

ती मोडेल. मला माहीत आहे. मोडून घरात राहील.

तिने तुला कधी हाक मारली नाही ना? रविवारी मारील. नाव त्याचं असेल, पण खाली उभा तू असशील. पाहुण्यांच्या आधी, गल्ली रिकामी असताना ये. वर येऊ नकोस, चेहरा चाचपू देऊ नकोस. मी तिचा दोर सोडून कमरेला धरून उभी असेन. नवव्या चकतीवर उभा राहा, तिची हाक पुरी होऊ दे, आणि त्याच्या आवाजात ओ दे. मग मोठ्याने सांग, भिंतीनेही परत सांगावं असं, की आई, मी येणार नाही, दार लाव.

ताई