इदवालकाकांचा खर्ज आणि एक सुटी तार

ती. केनरिकदाजींना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे मेरिगचा, वाकून नमस्कार. आपला गुडघा, ग्वेनताईचा दमा आणि शेजाऱ्याशी कुंपणावरून चाललेलं आपलं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. (भांडण मिटलं असल्यास कळवावं; त्याच्याशिवाय तुम्हाला भूक लागत नाही असं ताई म्हणते.) इकडे सर्व क्षेम. पाऊस आहे, पण समोरचा डोंगर दिसतो, म्हणजे आमच्या वेल्समध्ये ह्याला उन्हाळाच म्हणायचं.

पत्रास कारण असं की लेकीने, आमच्या नेरिसने, माझ्या सत्तरीला रेकॉर्ड प्लेअर धाडला. तुम्ही जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेत, तुम्हाला विचारलं असतं तर एका फोनवर काम झालं असतं. म्हणूनच विचारलं नाही. माणसाला काही अब्रू असते. प्लेअरच्या दोन वायरी मी जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे दिसतील त्या भोकांत खुपसल्या. आवाज आला, पण अख्खा गायकवृंद बिस्किटांच्या डब्यात बसून गातोय असा. मग चष्मा लावल्यावर 'फोनो' लिहिलेली, खास रेकॉर्ड प्लेअरसाठीची भोकं दिसली, वायरी तिकडे हलवल्या. आवाज दणदणीत झाला आणि त्याच्याबरोबर एक घुंऽऽ सुरू झाली, जी रेकॉर्ड थांबली तरी थांबेना. प्लेअरला एक तिसरी, बारीक हिरवी तारही लोंबत होती. ती अर्थिंगची, असं सोबतच्या कागदात होतं. मी सरळमार्गी माणूस. तारेला जोड देऊन खिडकीतून बाहेर काढली आणि लीकच्या, म्हणजे आमच्या त्या लांबड्या कांद्याच्या, वाफ्यात पुरली. घुं वाढली. एल्युनेड दारात उभी राहून म्हणाली, "पाणी घालू का तिला?" बायकोला उत्तर द्यायचं नसतं हे मी तुमच्याकडूनच शिकलो. तार उपटून आणली आणि नुसती लोंबकळत ठेवली.

अशात गुरुवार आला. गुरुवारी चॅपलमध्ये आमच्या गायकवृंदाची तालीम, आणि तालमीनंतर चहाला मंडळी आमच्याकडे. त्यात इदवालकाका. तुम्ही त्यांना तुमच्याच लग्नात पाहिलंय, खाणीतले, आडव्या बांध्याचे. खर्जवाल्यांच्या रांगेत ते जन्मभर उभे राहिले. आता पाटीच्या दगडाची धूळ छातीत बसलीय, गाता येत नाही. तरी कोट घालून येतात आणि मागच्या बाकावर बसतात. आमच्या वृंदाची एकुलती एक रेकॉर्ड त्यांच्या तरुणपणची. तीत त्यांचा आवाज ऐकू येत नाही ह्यावरून वरच्या पट्टीवाले त्यांना अजून छळतात. हेविन तर म्हणतो, "काका, त्या दिवशी तुम्ही तोंड फक्त सँडविचला उघडलंत." काका हसतात. पण हसून झाल्यावर त्यांचं तोंड कसं होतं ते मी पाहिलंय दाजी, आणि मला ते आवडत नाही.

तर मी तीच रेकॉर्ड लावली. घुंऽऽ. मी माफी मागणार, तोच हेविन कप खाली ठेवून ओरडला, "अरे गप्प बसा! हा इदवाल!" सगळे कान लावून बसले. सूरही नेमका जुळत होता. (आमच्या लोकांना घरात काहीही गुणगुणलं की त्यात माणूसच दिसतो, किटलीलासुद्धा आम्ही पट्टी विचारतो.) भजन संपलं, घुं चालूच. "बघा," हेविन म्हणाला, "ह्यांना थांबायचं कधी कळलंच नाही!" आणि काका, दाजी, काका लाल झाले, रुमाल काढला, म्हणाले, "म्हणजे मी होतो तर." एल्युनेडने माझ्या पायावर पाय दिला. मी काकांच्या कपात आणखी चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे धूळ पुसताना एक बारका स्क्रू सापडला. हिरवी तार त्याखाली अडकवली आणि घुं बंद. काय स्वच्छ आवाज! आणि त्यात काकांचा पत्ता नाही. आता येत्या गुरुवारी त्यांची नात लिव्हरपूलहून मुद्दाम आजोबांचा आवाज ऐकायला येतेय. एल्युनेडने हुकूम सोडला, "काढ ती तार." काढली. मी सुखी आहे.

ग्वेनताईस नमस्कार.
आपला,
मेरिग

ता.क. खरं काम राहिलंच. नाताळात तुम्ही याल तेव्हा पेचकस घरी ठेवून या. घुं ऐकून तुमचे हात शिवशिवतील. ते खिशात ठेवावेत.

ता.ता.क. पाकीट चिकटवणार तोच इदवालकाका एकटेच आले. मी चहा टाकायला आत गेलो, तर बाहेर रेकॉर्ड लागली, आणि घुं नाही! दारातून पाहिलं. काका वाकून, हिरवी तार बोटाने स्क्रूवर दाबून उभे. शेवटचं कडवं आलं, सगळे आवाज हळू झाले, आणि तळाशी एक जण तेवढा खाली उतरला. काका त्याच्याबरोबर, उरल्यासुरल्या आवाजात गायले. दाजी, दोन्ही आवाज एकाच माणसाचे होते. मला शपथेवर विचारा. इतकी वर्षं आम्ही कोणी नीट ऐकलंच नव्हतं. मला रडू आलं, आणि बिस्किटं हातात होती.

काकांनी बोट काढलं. घुंऽऽ. मला पाहून म्हणाले, "हा गुरुवारचा गडी कोण आहे कोणास ठाऊक. पण सुरात आहे बिचारा, आणि मंडळी खूश आहेत. असू दे त्याला."

तेव्हा पेचकस आणाच. आणि तार जोडायला-सोडायला एक छोटंसं बटण बसवून द्या. काकांना वाकवत नाही.