वगळलेल्या पानावरचे दादा

दादा, तुम्ही गेल्यानंतर मी काय काय उद्योग करते ते तुम्हाला कुणी कळवलं नसणार, म्हणून मीच सांगते. सकाळी उस्मानपुऱ्यातल्या घरी शिकवण्या, दुपारनंतर कॉम्प्युटर. इंटरनेटवर मराठीतला एक ज्ञानकोश आहे. त्यात कुणीही लिहावं आणि आमच्यासारख्या बिनपगारी लोकांनी ते तपासावं, अशी त्याची रीत. मी तिथं प्रचालक आहे, म्हणजे कुणाचं पान ठेवायचं आणि कुणाचं वगळायचं हे ठरवणाऱ्यांतली एक. हसू नका. रोज कुणी ना कुणी भावी नगरसेवक आपल्या वाढदिवसाच्या बॅनरवरचा मजकूर जशाचा तसा तिथं आणून टाकतो. गोरगरिबांचे कैवारी काय, तरुणांचे हृदयसम्राट काय! मी वगळते, तो चिडतो. परवा एकानं लिहिलं, “ताई, अख्खी मुकुंदवाडी वळखती मला!” मी उत्तर दिलं, “मग झालं की! तुम्हाला ज्ञानकोश कशाला पाहिजे?” लई राग आला त्याला. मला मात्र दिवसभर छान वाटत राहिलं.

अशा वेळी तुम्ही आठवता, हातात माईक घेतलेले. वाळूजच्या कंपनीत तुम्ही पत्रा दाबायच्या प्रेसवर, पण लग्नसराई आली की सगळ्यांना चहा पाजून पाजून सोयीची पाळी मागून घ्यायचे आणि जाकीट चढवून निघायचे. ज्ञानकोशातल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना मला समजावून सांगावं लागतं, की आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी मांडवात पाहुण्यांचे सत्कार होतात, टोपी-टॉवेल, शाल, नारळ, आणि माईकवरून आपलं नाव पुकारलं गेलं नाही तर माणूस जेवताना वरण वाढू देत नाही. नावं पुकारणारा तो निवेदक, आणि तुम्ही निवेदकांमधले राजे. मराठ्यांच्या लग्नात रामराम, बौद्धांच्या लग्नात कडक जयभीम, आणि वराच्या दोस्तांमध्ये कुणी मुसलमान असला तर “जनाब, तशरीफ रखिए” असं म्हणायचे की तो बिचारा लाजून अर्धा व्हायचा. मी, तुमची पोर, तुमच्या शेजारी लोखंडी खुर्चीवर. लोक नावांच्या चिठ्ठ्या माझ्याकडं देतात, मी त्या सरळ करून तुमच्या हातात ठेवते. एकदा एका चिठ्ठीवर नुसतंच नाव होतं, ना सरपंच, ना चेअरमन, ना कुणाचा मामा. मी विचारलं, “दादा, हा कोण लागून गेला?” तुम्ही माईकवर हात ठेवला आणि असे डोळे वटारले! “तू कोण ठरवणारी? एवढ्या उन्हात आलाय ना त्यो? मग घ्यायचं नाव.” आणि घेतलंत, चांगलं खणखणीत. मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला, टोपी घेऊन गेला, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेला. आता ठरवणारी मीच आहे, म्हणून ते वटारलेले डोळे जास्तच आठवतात.

आणि ते थोरल्या जावयांचं लग्न! म्हणजे लग्न त्यांच्या मेव्हणीचं, पण गाजवलं त्यांनीच. तुम्ही चुकून धाकट्या जावयाला आधी शाल दिलीत. चूक कसली, आपल्याकडं हा गुन्हाच. थोरले उठले, तरातरा काळी-पिवळी जीपमध्ये जाऊन बसले आणि काचा वर केल्या. नवरीचा बाप पाया पडतोय, भटजी घड्याळ दाखवतायत, बायका तोंडाला पदर लावून मजा बघतायत. तुम्ही माईक उचललात आणि जीपकडं निघालात. वायर पुरेना, तर मंडपवाल्याला दुसरी जोडायला लावलीत. जीपला टेकून तुमचा तो आवाज: “सज्जनहो! या घरचे थोरले जावई मांडवात का नाहीत? अहो, मांडवच आज त्यांच्या दारी आलाय!” मग त्यांची शेती, त्यांचे बैल, त्यांनी सासऱ्याच्या विहिरीवर बसवून दिलेली मोटार, असं काय काय सांगत सुटलात. काच हळूहळू खाली. शेवटी आतून आवाज आला, “आता बास करा की, लोकं हसतेत.” सगळा मांडव टाळ्या वाजवतोय, मीही खुर्चीवर उभी राहून वाजवतेय. भटजींनी मंगलाष्टकं कशी पळवली ते आठवलं की अजून पोट दुखतं.

तर झालं असं, की या उन्हाळ्यात ज्ञानकोशात एक नवीन पान आलं. तुमचं. कुणा अनोळखी सदस्यानं लिहिलेलं, भाबडं, पण इतकं गोड की मी एकटीच घरभर फिरले. मला तुमचं नाव तिथं हवं होतं, दादा. लई हवं होतं. पण आमच्यातले सगळ्यात कडक, पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ, त्यांनी दुसऱ्याच दिवशी ते पान वगळण्यासाठी मांडलं: उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. आपल्या भागातल्या पानांचा निकाल बहुतेक मीच देते, तेव्हा सगळे माझी वाट बघत बसले. मी चर्चेत एवढंच लिहिलं, “हे माझे वडील. या निकालात मी नाही.” आणि हात बांधून बसले.

मग जे काही झालं, ते तुम्ही बघायला हवं होतं. कुठून कुठून लोक आले! कुणी लिहिलं, आमच्या लग्नात हेच होते. एकीनं लिहिलं, माझ्या आजीचं नाव आयुष्यात एकदाच माईकवर आलं, ते यांच्या तोंडून. एकानं लिहिलं, “आमचा पुढं घटस्फोट झाला, पण निवेदन भारी होतं.” मी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिले. पुण्याचे गृहस्थ सगळ्यांना शांतपणे एकच विचारत होते, छापील आणि त्रयस्थ पुरावा आहे का? कुणीतरी लग्नपत्रिकेचा फोटो चढवला, खाली निवेदक म्हणून तुमचं नाव. ते म्हणाले, पत्रिका घरच्यांनीच छापलेली, ती त्रयस्थ कशी? माझा जीव नुसता वर-खाली होत होता, आणि त्यांचं बरोबर आहे हेही मला कळत होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं, जास्त खवटपणे.

पान वगळलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच गृहस्थांनी मला निरोप लिहिला: “ताई, नियमानं झालं ते योग्यच झालं. पण माझ्या लग्नात असा माणूस असता, तर माझे मेव्हणे आजवर माझ्याशी बोलत असते.” मग त्यांनी स्वतःहून ग्रंथालयं पालथी घातली, आपल्याकडच्या लग्नांवरचे लेख शोधून काढले, आणि आता लग्नाच्या पानावर मांडवातल्या सत्कारांचा चांगला मोठा परिच्छेद आहे. रुसलेले जावई आहेत, चिठ्ठ्या आहेत. तुमचं नाव नाही. तरीही वाचताना तुम्ही खाकरून माईक तपासताय असंच वाटतं, आणि इतका आनंद होतो की मी शिकवणीच्या पोरींना ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा एक गोष्ट बिनधास्त कबूल करते. वगळलेलं पान लोकांना दिसत नाही, प्रचालकांना दिसतं. रविवारी चहा घेऊन बसले की मी तुमचं पान उघडते. पुण्याच्या गृहस्थांनी त्यात जिथं जिथं पुरावा सापडला नाही, तिथं तिथं ‘संदर्भ हवा’ असं बारीक अक्षरात लिहून ठेवलंय. शेवटची ओळ आहे, ‘त्यांच्या पश्चात एक मुलगी आहे.’ तिच्यापुढंही लिहिलंय, संदर्भ हवा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसता हसता रडले. दर रविवारी वाटतं, पान परत आणावं आणि त्या जागी माझं नाव लिहावं, एका बटणाचं तर काम. पण आणत नाही. तुमच्याबाबतीत मी त्रयस्थ नाही ना, दादा, माझा पुरावा तिथं चालत नाही.