पुलापलीकडे गेलेले चाक

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, पूर्वी कारखान्यात टर्नर व सध्या सुनेच्या यंत्र-अवजारांच्या दुकानात माल तपासनीस, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. अक्षर बिघडले आहे ते भीतीने, वार्धक्याने नव्हे. त्यावरून कोणी भलता अर्थ काढू नये.

कलम पहिले. दुकानाची जागा माझ्या नावावर आहे, ती मी सुनेस देतो. दुकान थोरल्या मुलाने काढले. तो विषमज्वराने गेल्यावर गेली अकरा वर्षे तिनेच ते चालवले. धाकट्या चिरंजीवांनी तेथे हक्क सांगू नये. "बाईमाणूस गादीवर बसलं तर गिऱ्हाईक कानस बघणार की तोंड?" असे त्यांनी चारचौघांत विचारले होते, ते मी विसरलेलो नाही. अर्थात सुरुवातीस मीही तिच्याशी तीन महिने अबोला धरला होता, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. गिऱ्हाइके तिला म्हणत, मालकांना बोलवा. ती आत जाई, तीच पुन्हा बाहेर येई व "बोला" म्हणे. आज ती नुसते आटे पाहून बोल्टचे माप सांगते आणि ते चुकत नाही.

कलम दुसरे. माझा मायक्रोमीटर नातीस द्यावा. तो तिने कोणासही उसना देऊ नये, काकास तर मुळीच नाही.

कलम तिसरे. हे कलम देण्याघेण्याचे नाही, तरी ते येथेच पाहिजे.

आमच्या दुकानातून धार लावण्याचे दगडी चाक वाजवल्याशिवाय विकले जात नाही. चाक बोटावर टांगावे, लाकडी मुठीने हलका ठोका द्यावा. निर्दोष चाक घंटेसारखे वाजते. आत तडा असेल तर बद्द वाजते. तडा गेलेले चाक यंत्रावर जोरात फिरू लागले की फुटते व समोर उभ्या माणसाच्या छातीत शिरते. असे मी तरुणपणी एकदा पाहिले आहे. वर्णन करीत नाही. हे काम माझ्याकडे होते. वाजवलेल्या चाकावर मी खडूने चौकट काढी, आणि ती चौकट पाहून कारागीर डोळे मिटून चाक चढवीत.

परवा मी शेजारच्या घड्याळजींकडे गेलो व माझ्या घड्याळाच्या गजराची घंटा दुरुस्त करता येत नसेल तर दुकान बंद करा असे त्यांस सुनावले. त्यांनी घड्याळ माझ्या कानाशी धरले. मग कागदावर लिहून दाखवले: आजोबा, वाजतंय.

मला ऐकू येत नाही. कानाशी मोठ्याने बोललेले तेवढे कळते, घंटेसारखा आवाज मुळीच नाही. निदान चार महिने येत नसावे. चाकाचा आवाज मंद वाटे तेव्हा मी रस्त्यावरच्या गोंगाटास दोष देई, ठोका देई, मान डोलवी व चौकट काढी.

दोन दिवस मी हे कोणास सांगितले नाही. त्या दोन दिवसांची मला सर्वांत अधिक लाज वाटते. आज सकाळी सुनेस सांगितले. फळीवर माझ्या चौकटीची नऊ चाके होती. ती तिने एकेक करून वाजवली, मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. सातव्या चाकाशी ती थांबली. ते तिने दोनदा वाजवले आणि बाजूला ठेवले.

मग ती माझ्या कानाला तोंड लावून म्हणाली, "मामंजी, मी तुमच्या खुणेवर माल विकला. मला आधी का नाही सांगितलंत?"

मी म्हणालो, "सांगितलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस."

"बसवलं असतं," ती म्हणाली.

चार महिन्यांत गेलेल्या चाकांची यादी तिने काढली. दुपारपर्यंत एक सोडून सर्व चाके यंत्रांवरून उतरवून घेतली. उरलेले चाक पुलापलीकडच्या लोखंडाच्या ओतशाळेत परवाच गेले आहे, म्हणजे मी गप्प होतो त्या दिवसांत. तेथे टेलिफोन नाही. आमच्या दुकानाचे कारकून म्हणाले, उद्या सकाळी माणूस धाडू. तिने ऐकले नाही, दोनच्या बसने ती स्वतः गेली. पोहोचताच चाक थांबवून जवळच्या टपाल कचेरीतून टेलिफोन करणार आहे. आता सव्वाचार झाले आहेत.

कलम चौथे. माझे राहते घर. हे मी दोघा मुलांच्या घरांत समान वाटणार होतो. ते रद्द. त्या चाकाने कोणास इजा झाली तर घर त्या कारागिरास, तो न उरल्यास त्याच्या बायकामुलांस द्यावे. चिरंजीवांनी कोर्टात जाऊ नये. सुनेस दोष देऊ नये, चौकट माझ्या हातची आहे. इजा न झाल्यास घर पूर्वी ठरल्याप्रमाणे वाटावे. कोणता भाग लागू होईल हे सही करताना मला ठाऊक नाही. तरीही सही करीत आहे, कारण बातमी कळल्यावर मी इतका उदार राहीन याची मला खात्री नाही.

कलम पाचवे. माझ्या मागे कोणत्याही चाकावर चौकट काढू नये. दुसरी खूण ठरवावी.

साक्षीदार माझ्यादेखत व मी त्यांच्यादेखत सही करीत आहोत. टेलिफोन वाजला की सांगतो, असे कारकून दोनदा खुणेने म्हणाले. माणूस भला आहे. तरी मी उजव्या हाताने सही करीत असून डावा हात टेलिफोनवर ठेवला आहे, घंटा हाताला तरी कळेल. अजून काही कळलेले नाही.

लिहून देणार: सही (सासरा)
साक्षीदार: १. सही (दुकानाचे कारकून) २. सही (शेजारचे घड्याळजी)
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक ११ सप्टेंबर १९५६, मंगळवार, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे