सातव्या जागेवरचा आवाज

२ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा पास झाले. साठीनंतर हे काय खूळ, असं म्हणत तुझे भाऊजी गल्लीभर सांगून आले.

गेल्या वर्षी दरड कोसळून फोन बंद पडले, तेव्हा वरच्या वस्तीतली नर्स दोन तास रेडिओवर मदत मागत होती. खाली सगळे एकाच चॅनेलला कान लावून बसले आणि ती बोलत होती भलत्याच चॅनेलवर. तिचा रुग्ण गेला. ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून तुझा जुना संच काढलाय. पण स्कॅन लावलं की तो पाच सेकंद ऐकतो आणि वाक्य अर्धवट टाकून पुढे पळतो, थेट तुझ्यासारखा. उपाय लगेच कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई

९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. संच माझ्या वळणावर गेला, यात त्याचा काय दोष?

तुमच्या भागातले सगळे चॅनेल मेमरीत भर. सेटिंगमध्ये 'आवाज संपेपर्यंत थांब' हा पर्याय निवड. जिथे दिवसभर नुसती खरखर असते तो चॅनेल वगळ, नाहीतर संच तिथेच अडकेल. खरखर दाबायचं बटण फार पिळू नकोस, अशक्त आवाजही त्याखाली दबतो.

खरं सांगू का, तुला डाव्या कानाने ऐकू येत नाही. हे काम तरुणांवर सोपव. राग मानू नये, माया पातळ करू नये.

तुझा,
धाकटा

२८ जुलै

चि. धाकट्यास,
अ. आ. राग आला होता, म्हणूनच शिकले. उजवा कान पुरला.

मंगळवारी सकाळी पुन्हा दरड आली, फोन गेले. दुपारपर्यंत संचावर आकडे नुसते फिरत होते. दोनच्या सुमारास मेमरीतल्या सातव्या जागेवर तो क्षणभर अडखळला आणि पुढे गेला. भाऊजी म्हणाले, खरखर असेल. मला पटेना. स्कॅन थांबवलं, हाताने सातवर आले, खरखर पूर्ण मोकळी सोडली. तिच्या तळाशी बाईचा आवाज होता. वरचीच नर्स. एक बाई बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं.

मी एवढंच म्हणाले, "मी ऐकतेय. तू बोलत राहा."

ती आधी रडलीच. भाऊजींना मी डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टर आमच्या स्वयंपाकघरात बसून तीन तास तिला एकेक गोष्ट सांगत होते. रक्त थांबलं. मायलेकी सुखरूप आहेत.

वरचा रस्ता अजून बंद आहे. तो उघडेपर्यंत मी संचापासून हलणार नाही. जेवण इथेच, डुलकीही इथेच. भाऊजी चिडलेत, चिडू देत.

ख्यालीखुशाली कळवत जा.
ताई

१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा बायकोला मोठ्याने वाचून दाखवताना मध्येच थांबावं लागलं.

उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. कौतुक करायला नाही. आल्याबरोबर हेडफोन माझ्या डोक्यावर चढव आणि आत जाऊन पाठ टेक. काही ऐकू आलं तर उठवीन.

आहे तो लोभ मला पुरेसा आहे.

तुझा,
धाकटा