अंगाला आधी कळतं

४ जानेवारी १९३१, रत्नागिरी
आंबा घाट उतरून सर्व्हिस मोटारीने हाडं खिळखिळी केली आणि एकदाची रत्नागिरी दाखवली. कऱ्हाडचा गडी समुद्राकाठी मास्तर! मांडवीला सगुणाबाईंच्या घराची मागची बाजू भाड्याने मिळाली. दोन खोल्या, चिऱ्याच्या भिंती, पडवी, मागे अंगण आणि विहीर. रात्रभर समुद्र गाजतो. बाई गलबताच्या तांडेलाच्या विधवा, साठीच्या, बोलायला फटकळ पण मायाळू. एक गंमत आहे. समुद्र दारात असून बाई त्या बाजूला पदर ओढून चालतात, जणू समुद्र त्यांचा थोरला दीरच. जेवायला त्यांनी बांगड्याचं तिखलं धाडलं. घाटावरच्या माणसाने काट्यांशी कसं लढावं हे कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत.

दमयंती आणि राही गिरगावात माहेरी आहेत, पुढच्या महिन्यात बोटीने येतील. राही आता चार वर्षांची होईल. तिच्या बडबडीवाचून घर ओकंबोकं वाटतं.

९ जानेवारी
आज चौथीला वाक्प्रचार शिकवले. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, तळपायाची आग मस्तकात जाते, हातपाय गळतात. फळा भरला आणि माझं मलाच हसू आलं. मराठी माणसाच्या मनाला स्वतःचं घर म्हणून नाहीच. बिचारं पोटापासून टाचेपर्यंत भाडेकरू होऊन हिंडतं.

दिवेलागणीला पडवीत बसलो होतो. एकाएकी छाती धडधडू लागली. तळहात ओले, मानेवर काटा. मन मात्र अगदी स्वस्थ, काही म्हणून कारण नाही. समोरच्या पाण्याच्या हंड्याकडे बघत तसाच बसून राहिलो. घटकाभराने सगळं उतरलं. बांगड्याने सूड घेतला असावा.

१६ जानेवारी
ते रोज येतं. दिवेलागणीलाच येतं. आणि लिहायलाही लाज वाटते, पण मला हंड्याची भीती वाटू लागली आहे. भर सकाळी, लख्ख उन्हात! आज त्याच्यावर पोतं टाकलं. दमयंती इथे असती तर जन्मभर मला हंडा म्हणून चिडवलं असतं.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. हृदय ठणठणीत आहे म्हणाले. मग कुठल्याशा इंग्रजी ग्रंथातलं मोठ्या हौसेने सांगू लागले. आपण समजतो, भीती वाटते म्हणून छाती धडधडते. पण काही शास्त्रज्ञ उलटं म्हणतात. छाती आधी धडधडते, तिची वर्दी मेंदूला जाते, डोळ्यांचीही वर्दी जाते, आणि मेंदू दोन्ही एका दोऱ्यात ओवतो. समोर वाघ असला तर वाघाची भीती, हंडा असला तर हंड्याची. मी म्हटलं, मग हा दोरा तेवढा सोडवून द्या. ते म्हणाले, मेंदू आपल्याला विचारून ओवत नाही, मास्तर.

२३ जानेवारी
आज सगुणाबाईंनी पोतं टाकलेला हंडा बघितला आणि त्या मटकन खालीच बसल्या. मग सगळं सांगितलं. या घरात ते होतं. सगळ्यांना होत नाही, म्हणून भाडेकरूंना आधी सांगत नाहीत. त्या नवी नवरी होऊन आल्या तेव्हा अशाच एका संध्याकाळी छाती धडधडली, आणि त्या वेळी त्या समुद्राकडे बघत होत्या. झालं! पुढे मालकांचं प्रेत किनाऱ्याला लागलं, तरी त्यांना खाली उतरून जाता आलं नाही. हे सांगताना डोळ्याला पाणी नव्हतं.

उपाय विचारला तर म्हणाल्या, “तेवा डोळे मिटून घ्येवा, मास्तर. समोर जां दिसंल त्याचंच भ्या बसतां. आणि बसलां की मग उठत नाय.”

आता दिवेलागणीला डोळ्यांवर पंचा बांधून बसतो. छाती धडधडते आणि उतरते. कशाचीच भीती बसत नाही. शिमग्यानंतर झाडगावात दुसरं घर मिळणार आहे, तोवर पंचा पुरे.

८ फेब्रुवारी
आल्या! बोट लांब उभी राहिली, पडावातून दोघी बंदराला लागल्या. राही माझ्या गळ्यात पडली ती घर येईपर्यंत उतरली नाही. सगळ्या वाटभर, समुद्राला झाकण का नाही, हा एकच प्रश्न. दमयंतीला म्हटलं, डोळे आले आहेत, संध्याकाळी पंचा बांधून बसावं लागतं. खरं सांगून तिला कशाला घाबरवा? आज मी फार सुखी आहे.

११ फेब्रुवारी
लिहवत नाही. तरी लिहितो.

पंचा बांधून बसलो होतो. दमयंती चुलीपाशी होती. छाती नुकती धडधडायला लागली होती. राहीला वाटलं, बाबा आंधळी कोशिंबीर खेळतात. मागून आली, एका हिसक्यात पंचा ओढला आणि माझे गाल धरून आपलं तोंड अगदी माझ्या तोंडाशी आणलं. हसत होती. तोंडाला गुळाचा वास.

मी डोळे मिटले. पण उशीर झाला होता.

१२ फेब्रुवारी
सकाळी ती उठून माझ्याकडे धावत आली. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. घामाने सदरा भिजला. माझी मुलगी आहे. तिच्यात भिण्यासारखं काही नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. ठाऊक असून काय उपयोग?

१४ फेब्रुवारी
मन कारणं शोधू लागलं आहे. ही इतकी टक लावून का बघते? चालताना पाय का वाजत नाहीत? आज क्षणभर वाटलं, बोटीतून उतरली ती राही नव्हेच.

मग तोंडात पंचा कोंबून रडलो.

१७ फेब्रुवारी
आता तिच्या आवाजानेही होतं. गुळाच्या वासानेही. दमयंतीला सगळं सांगितलं. आधी हसली. मग राहीला पोटाशी धरून बसली आणि माझ्याकडे बघेना.

१९ फेब्रुवारी
परवाच्या बोटीने दोघींना धाडतो. राही आईला विचारत होती, मी काय केलं गं? दाराआडून ऐकलं. जावं, तिला कुशीत घ्यावं — उंबऱ्यापर्यंत गेलो. पुढे —

२० फेब्रुवारी, दुपार
उद्या बोट. दमयंती बंदरावर तिकिटं काढायला गेली आहे. राहीला सगुणाबाईंकडे ठेवलं होतं, ती निसटून मागच्या अंगणात आली आहे. खिडकीतून दिसते. विहिरीच्या काठावर पोट टेकून ओणवी झाली आहे, आत ‘कू’ करते. आतून ‘कू’ आलं की हसते.

उठायला हवं.

सगुणाबाई पुढच्या दारी आहेत. त्यांना ऐकू जायचं तर ओरडावं लागेल. ओरडलो तर राही वळून बघेल. माझ्याकडे. ते तोंड —

तिचे पाय जमिनीवरून उचलले आहेत.

ऊठ. ऊठ मेल्या. पाय हलत नाहीत. हात तेवढा चालतो, आणि तो हेच लिहीत —

नाही बघवत. कागदाकडे बघतो. नुसतं ऐकतो. कू. पुन्हा कू.

छाती शांत झाली.

एकाएकी. तळहात कोरडे. इतक्या दिवसांनी किती बरं —

‘कू’ येत नाही.

मान वर करायची आहे. खिडकीतून बघायचं आहे. अंगाला कळलेलं आहे, मला अजून —